एरंडेल दोन पळ्या

चार वाजता लॉरी येणार होती आणि सुरेंद्रराव सकाळपासून शेडमध्ये येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होते. वास्तविक त्यात पाठ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कंपनीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत त्यांनी ते लिहिलं त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. त्यानंतर रोटरीत, शाळेच्या संमेलनात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडायच्या आधी, जिथे दोन कान मिळतील तिथे त्यांनी ते करून घेतलं होतं. ‘एकोणीसशे छप्पन साली माझ्या वडिलांनी, एकट्यानं, कुणाच्याही मदतीशिवाय...’ इथे ते नेहमी थोडं थांबत. आजही थांबले आणि समोरच्या यंत्राकडे पाहून घेतलं.

नंबर एक. कावेरी ड्युप्लिकेटर वर्क्सचं पहिलं यंत्र. हिरवा रंग, पोटात ढोल, उजव्या अंगाला लाकडी मुठीचा दांडा. मेणकागदावर टाइप करायचं, तो ढोलावर चढवायचा, दांडा फिरवायचा, की एकामागून एक प्रती बाहेर. सायक्लोस्टाइल म्हणून सगळं जग ज्याला ओळखत होतं, ते हे. त्रिचीपासून नागपट्टणमपर्यंत एकही कोर्टकचेरी, एकही शाळा अशी नव्हती जिथे या शेडमधलं यंत्र गेलं नाही. झेरॉक्स आली आणि पुढच्या आठ वर्षांत कंपनीच्या दाराला कुलूप लागलं. लेथ गेले, ड्रिल गेले, तंजावूरच्या मेलवीथी रस्त्यामागची ही शेड आणि नंबर एक तेवढे राहिले.

आता तेही निघालं होतं. चेन्नईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजानं जुन्या यंत्रांचं दालन उघडलं होतं आणि त्यात दाराशी, पहिल्याच चौथऱ्यावर नंबर एक बसणार होतं. मागे भिंतीवर पितळी अक्षरांत मजकूर. मजकूर सुरेंद्ररावांच्याच स्मरणिकेतला. त्याच्यावर आज त्यांनी सही करायची, आणि तो कायमचा इतिहास व्हायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं असतं, असं ते कालपासून तीनदा म्हणाले होते.

मुद्दाम विजयादशमीचा दिवस धरला होता. काल सरस्वतीपूजा झाली. यंत्राला गंध, कुंकू, झेंडूची माळ, आणि त्याच्या डोक्यावर, दरवर्षीप्रमाणे, लाल रेशमात बांधलेली वेंकूअत्तेची पोथी.

वेंकूबाई म्हणजे सुरेंद्ररावांच्या वडिलांची, कृष्णस्वामीरावांची, धाकटी बहीण. अकराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी परत. त्रेसष्ट साली ती गेली तेव्हा सुरेंद्रराव बारा वर्षांचे होते. तिनं स्वतःच्या हातानं मोडीत लिहिलेली ती पोथी, कुणी म्हणे रामायण, कुणी म्हणे देवीचं स्तोत्र. वाचून कुणी पाहिलं नव्हतं, कारण मोडी कुणाला येत नव्हती. घरात तमिळ यायची, इंग्रजी यायची, देवनागरी अडखळत यायची. शिवाय वडिलांचा दंडक होता, पोथी उघडायची नाही. ते स्वतः दरवर्षी तिचं रेशीम बदलत आणि गाठ मारत. त्यांच्यानंतर सुरेंद्रराव मारू लागले.

“ताता, कॉलेजच्या अखिला मॅडमचा मेसेज आला.” नात वर्षा दारातून आत आली. ती एम.ए. झाली होती आणि सहा महिने सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीच्या वर्गाला जात होती. “पोथी पण नेणार ना ते? लिस्टमध्ये तिचें नांव पायजे म्हणे. टायटल.”

“स्तोत्र म्हणून लिही.”

“कोण्तें स्तोत्र?”

सुरेंद्ररावांनी कपाळाला आठी घातली. हरभऱ्याच्या सुंदलचं पातेलं घेऊन आत येणाऱ्या विशालाक्षीबाईंनी ती पाहिली. पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याची प्रत्येक आठी त्यांना तोंडपाठ होती. “वाचूं दे की हो तीस,” त्या म्हणाल्या. “काल पुस्तक उघडायचें नसतें. आज दशमी. आज चार ओळी वाचायच्याच असतात.”

“अप्पांनी नक्को सांगिटलें होतें.”

“अप्पांनी सांगिटलें तेव्हां वाचणारें कोणी होतें कां घरांत?”

 सुरेंद्ररावांनी पोथी यंत्रावरून उतरवली, डोळ्यांना लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गाठ सोडली. त्यांची धाकटी बहीण चंद्रमती तिरुवैयारूहून सकाळच्या बसनं आली होती, ती हात जोडून उभी राहिली. तिचा मुलगा सतीशकुमार कोपऱ्यात फोनवर कॉलेजच्या माणसांशी बोलत होता, त्यानं फोन खिशात टाकला आणि चपला काढल्या. कंपनीचा जुना फिटर मणी, वय वर्षं एक्याऐंशी, यंत्राला तेल देत जमिनीवर बसला होता. तो मात्र उठला नाही.

वर्षानं पहिलं पान उघडलं. बोट ठेवून, ओठ हलवत, बराच वेळ पाहत राहिली.

“सांग की गा,” चंद्रमतीबाई म्हणाल्या. “गणपतीचें की देवीचें?”

“एरंडेल पळ्या दोन,” वर्षा वाचू लागली. “समईची काजळी... चिमट्या तीन. घोटून पाहिलें.”

 चंद्रमतीबाई एकदम हसल्या. “काजळ गा हें! बाळांच्या डोळ्यांत घालायचें. अत्तेचें काजळ अस्क्या वीथींत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रसिद्ध होतें.”

“म्हणजे सत्तर वर्षं आम्ही आय-मेकअपची पूजा केली,” सतीशकुमार म्हणाला. विशालाक्षीबाई पदरात हसल्या. सुरेंद्ररावांनाही हसू येऊ लागलं होतं.

“थांबा,” वर्षा म्हणाली. “पुढें आहे. ‘पातळ. कागद फुगला. व्यर्थ.’” तिनं पान उलटलं. “एरंडेल पळ्या दोन, काजळी चिमट्या पांच. बरें. परंतु अक्षरांस मिशा फुटल्या. व्यर्थ.”

सुरेंद्ररावांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून निघून गेलं. एरंडेल आणि काजळी. कंपनीची शाई. परदेशी शाई इकडच्या उकाड्यात पाण्यासारखी वाहायची, आणि कावेरीची शाई मात्र वैशाखातही जागची हलायची नाही. तिची कृती वडील तिजोरीत ठेवत. मद्रासच्या दोन कंपन्यांनी ती काढून घेण्यासाठी माणसं पाठवली होती. कंपनी चालली ती या शाईवर, हे सुरेंद्ररावांच्याच स्मरणिकेत पान सातवर लिहिलेलं होतं.

“पुढें वाच,” ते म्हणाले.

वर्षा वाचत गेली. सुरुवातीला ती अडखळत होती, मग एकेक शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला तसा तिचा वेग वाढला. प्रत्येक प्रयोगाला आकडा होता, तिथी होती, त्या दिवशीची हवा होती. मधेच कुठे ढोलाचं, कुठे दांड्याचं माप घालून काढलेलं चित्र होतं. दमट. कोरडी. काल पाऊस. ढोलावर शाई सारखी पसरावी म्हणून मध्ये फडकं लागतं, तर फडकी एकामागून एक: धोतराचं, शाई अडकली, मलमलीचं, शाई वाहिली, पीठ वस्त्रगाळ करायचं जुनं फडकं, धुऊन धुऊन विरलेलं, ‘शाई एकसारखी उतरली. देव पावला.’ त्याच्यापुढे मात्र लगेच, ‘विसावा कागद चिकटला. पुन्हा.’ आकडा चाळीसवर गेला. शंभरावर गेला. एका पानावर नुसतं ‘ताप आहे. दांडा फिरवला नाही’ एवढंच होतं, आणि दुसऱ्या दिवशी दोन प्रयोग.

सुंदल गार झालं. कुणी हात लावला नाही.

एकशे ऐंशीच्या सुमारास कागद दोन दोन मिळून आत ओढले जाऊ लागले. प्रयोगामागून प्रयोग वाया. वर्षाचा आवाज खाली आला. “श्राद्धाची पानें पुसतां पुसतां पाहिलें,” तिनं वाचलं. “गठ्ठ्याचीं दोन टोकें आंगठ्यांनीं दाबलीं असतां वरलें पान एकटेंच उठतें. कागदाचीं टोकें दाबावीं. पितळेच्या दोन चिपा करविल्या.” खाली चित्र होतं. रेघ मारून, माप घालून काढलेलं.

सतीशकुमार यंत्राजवळ गेला. कागदाच्या तबकाच्या दोन कोपऱ्यांवर पितळेच्या दोन चिपा होत्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या. त्यानं वर्षाच्या हातातलं चित्र पाहिलं, चिपा पाहिल्या, पुन्हा चित्र पाहिलं.

“मामा,” तो म्हणाला, “तिरुवैयारूच्या घाटावर स्वप्न पडलें तें हेंच ना?”

सुरेंद्ररावांना वाटलं जमीन दुभंगली तर बरं. स्मरणिकेचं पान नऊ: ‘तिरुवैयारूच्या घाटावर पहाटे ध्यानस्थ बसले असता वडिलांना या चिपांचे दर्शन झाले.’ हे वाक्य सुरेंद्ररावांनी स्वतः रचलं होतं. पान अर्धं रिकामं राहत होतं आणि छापखान्याचा माणूस दारात बसला होता. वडिलांनी ते छापील पान वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि एक शब्द बोलले नाहीत. त्याला मूक पसंती समजून सुरेंद्ररावांनी ते वाक्य पुढे चारशे वेळा सांगितलं. वर्तमानपत्रात आलं. आज ते पितळी अक्षरांत कापून तयार होतं. आणि गंमत अशी की मधल्या कुठल्या तरी वर्षी त्यांचा स्वतःचाही त्याच्यावर विश्वास बसला होता.

“शेवटचें वाच,” ते कसेबसे म्हणाले.

वर्षानं शेवटचं लिहिलेलं पान काढलं. “चारशें सत्रा. विजयादशमी. शंभर कागद. एकहि चिकटला नाहीं. एकहि दुणा गेला नाहीं. अण्णास बोलाविलें. अण्णा पुष्कळ वेळ बोलला नाहीं, खालीं बसला.”

चारशे सतरा. सुरेंद्रराव मनात म्हणाले. ते स्वतः इंजिनियर होते. कोइमतूरला शिकलेले, पाच वर्षं कंपनीच्या सुधारणा खात्याचे प्रमुख. त्या पाच वर्षांत आपण किती प्रयोग केले, हे त्यांनी आठवून पाहिलं. तीस? चाळीस? तेही हाताखाली चार माणसं आणि डोक्यावर पंखा असताना. ही बाई पहाटे उठून सोवळ्याचा स्वयंपाक करायची, वीस पानं वाढायची, मग परसातल्या खोपट्यात जाऊन काजळी घोटायची. शाळेत कधी गेली नाही. घर्षण हा शब्द तिनं ऐकला नव्हता. तिनं श्राद्धाची केळीची पानं पुसता पुसता तो ओळखला.

“आत्तां ऐका माझें,” सतीशकुमार म्हणाला. “पॅनल तयार आहे. प्रिन्सिपल येतायत. हें सगळें नंतर बघूं. पोथी घरींच ठेवूं. लिस्टमधून काढूं.”

“बरोबर बोलतो तो,” चंद्रमतीबाई म्हणाल्या. त्यांचं हसणं केव्हाच गेलं होतं. “बांध ती पोथी, वर्षा. अण्णा, गाठ मार.”

“कां चंद्रूअत्ते? चूक आहे का कांहीं?” वर्षा म्हणाली. “चारशे एक्सपेरिमेंट्स! माझ्या अंगावर... हें लोकांस कळायला नक्को?”

“लोकांस काय कळेल तें मज कळतें गा!” चंद्रमतीबाईंचा आवाज चढला. “बहिणीचें घेतलें आणि आपलें नांव घातलें म्हणतील. चोर म्हणतील माझ्या अप्पाला! इत्क्या वर्षांनीं, भिंतीवर, पितळेंत! अण्णा, तूं मुलगा कीं नाहीं त्यांचा? अप्पा चोर, यास तूं सही करणार आहेस कां?”

 चंद्रूनं अगदी तोच प्रश्न विचारला होता जो सुरेंद्रराव स्वतःला विचारत होते. शेडच्या भिंतीवर वडिलांची तसबीर होती, कोट, पगडी, हात मांडीवर. हा माणूस चोर? ज्यानं कामगारांना कधी अरेतुरे केलं नाही, ज्याच्या शब्दावर बँक पैसे देत होती? आणि नसेल, तर यंत्रावरच्या पट्टीवर ‘एन. कृष्णस्वामी राव, निर्माता’ हे काय होतं?

“विशालाक्षी, तूं तरि सांग यांस,” चंद्रमतीबाई भावजयीकडे वळल्या. एरवी दोघी नणंद-भावजयांचं सगळ्या बाबतींत एकमत असे.

विशालाक्षीबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. “मी या घरांत आलें तेव्हां अत्ते नव्हती,” त्या म्हणाल्या. “पण जी बाई चारशें वेळां व्यर्थ लिहिते आणि पुन्हा घोटते, तिचें लिहिलेलें मी दडवणार नाहीं. तुज काय करायचें तें कर.”

“चिन्नय्या,” जमिनीवरून मणी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सुरेंद्ररावांना अजून धाकटे मालक म्हणणारा जगात तो एकटाच होता. तो तमिळमध्ये बोलायचा, मधेच या घरातला एखादा मराठी शब्द टाकून.

“तुम्ही जन्नल-पास विसरलात?” मणीनं विचारलं.

जन्नल म्हणजे खिडकी. शेडच्या मागच्या भिंतीला परसाकडे उघडणारी गजांची खिडकी होती. तयार झालेल्या प्रत्येक यंत्रावर निघालेला पहिला कागद त्या खिडकीत ठेवायचा, आणि तो परत मिळेपर्यंत पेटीला खिळा मारायचा नाही, हा कंपनीचा जुना नियम. स्मरणिकेत सुरेंद्ररावांनी त्याला ‘कडक गुणवत्ता तपासणी’ म्हटलं होतं.

“तें ऊन दाखवायला होतें ना? शाई सुकायला?” ते म्हणाले.

“ऊन!” मणी तोंडातल्या तोंडात हसला. “खिडकीपलीकडे अत्तेअम्मा असायच्या. मी साठ साली लागलो. कागद ठेवायचा आणि मागं सरायचं. हात यायचा, कागद आत जायचा. बरा असला तर तसाच परत. नसला तर कोपरा दुमडलेला. दुमडलेला आला, की मोठे अय्या स्वतः ढोल खोलायला बसायचे. कोट काढून. एकदा एका यंत्राचा कागद पाच वेळा दुमडून आला. कलेक्टर कचेरीचं यंत्र होतं, गाडी दारात उभी. अय्या म्हणाले, गाडी परत पाठवा.”

“मग इत्क्या वर्षांत सांगिटलें कां नाहींस?” चंद्रमतीबाई म्हणाल्या.

“सांगायचं काय, अम्मा? आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.” मणीनं तेलाची बुधली बाजूला ठेवली. “पट्टीवर नाव घालायचं ठरलं तेव्हा अय्यांनी अत्तेअम्मांना विचारलं म्हणे. खिडकीतून. जुने फोरमन नटराज होते तिथं, त्यांनी मला सांगितलं. अम्मा म्हणाल्या, मुंडण केलेल्या बाईचं नाव घातलं तर यंत्र कोण घेईल, अण्णा? कंपनी बुडेल. अय्या तीन दिवस जेवले नाहीत. मग पट्टी लावली.”

त्यानं यंत्रावरच्या झेंडूच्या माळेकडे बोट केलं.

“आणि पूजा आठवते का तुम्हाला?” मणी म्हणाला. “पूजेला कोण पहिलं खाली पडायचं?”

सुरेंद्ररावांना आठवत होतं. दर वर्षी, सगळ्या कामगारांच्या आधी, मालक जमिनीवर आडवे होत. साष्टांग. कोट-पगडी बाजूला ठेवून, ऐन भरात असलेल्या कंपनीचा मालक धुळीत कपाळ टेकून बराच वेळ पडून राही. सरस्वतीपुढे, असंच ते समजत आले होते. आता पहिल्यांदा त्यांना कळलं. थोरल्या भावानं धाकट्या बहिणीच्या पाया पडायची रीत जगात कुठे नाही. विधवेनं पूजेच्या पुढ्यात यायची रीत तेव्हा या घरात नव्हती. ती परसातल्या खिडकीपलीकडे उभी असायची. म्हणून त्यानं तिची वही लाल रेशमात बांधून यंत्राच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्यापुढे तो पडला. स्वतः पडला, आणि चाळीस कामगारांना, कलेक्टरला, बँकेच्या मॅनेजरला, बायकोला, मुलांना पाडलं. सातत्यानं, दर वर्षी. जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते त्यानं सगळ्या तंजावूरकडून करून घेतलं.

आपण ज्याला वडील म्हणत होतो तो माणूस किती मोठा होता, आणि पान नऊवर आपण त्याला किती लहान करून ठेवलं, असं सुरेंद्ररावांना वाटलं.  ते मणीच्या शेजारी जमिनीवरच बसले.

चंद्रमतीबाई रडत होत्या. पण पोथी बांध असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

लॉरी साडेचारला आली. अखिला मॅडम आल्या, प्रिन्सिपल आले, वीथीतली पंचवीसेक माणसं खुर्च्यांवर बसली. सतीशकुमारनं माइक लावून दिला आणि मामाच्या कानाशी लागून एवढंच म्हणाला, “मामा, पॅनल पुन्हा करतां येतें. मी बोलतों त्यांच्याशीं. तुम्ही काय पायजे तें बोला.”

सुरेंद्रराव उभे राहिले. समोर ओळखीचे चेहरे होते, त्यांतल्या निम्म्यांना भाषण पाठ होतं.

“एकोणीसशे छप्पन सालीं,” त्यांनी सुरुवात केली, “माझ्या वडिलांनीं, एकट्यानें...”

जीभ आपल्या सवयीनं गेली होती. ते थांबले. लोक समजले, नेहमीचं थांबणं आहे.

“एकट्यानें नव्हे,” सुरेंद्रराव म्हणाले. “हें वाक्य मी चव्वेचाळीस वर्षें बोललों. खोटें आहे. घाटावरचें स्वप्नहि खोटें, तें मी रचलें. माझ्या अप्पांनीं तसें कधीं म्हटलें नाहीं. अप्पांनीं कंपनी काढली, चालवली, दारोदार फिरून यंत्रें विकलीं. तें सारें खरें. पण यंत्र त्यांनीं केलें नाहीं. यंत्र माझ्या अत्तेनें केलें. चारशें सोळा वेळां चुकली आणि चारशें सत्राव्या वेळीं जिंकली. आम्ही अस्के तिच्या पोथीच्या पायां पडत होतों, आणि काय लिहिलेंय तें आम्हांस माहीत नव्हतें.”

 पाणी आणायला कुणी उठलं, त्याला त्यांनी हातानंच बसवलं.

“मी बारा वर्षें तिच्या हातचें जेवलों. दहीभात कालवून ती माझ्या हातावर एकेक घांस ठेवायची. तिचीं नखें काळीं असत. आंघोळ केली तरि काळीं. मज किळस यायची. एकदां मी म्हटलें, अत्ते, हात धुऊन वाढ. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून पळीनें वाढूं लागली.” त्यांनी यंत्राकडे पाहिलं. “नखें काळीं कां, हें मी विचारलें नाहीं. एवढेंच मज सांगायचें होतें.”

 मागच्या रांगेतला एक म्हातारा, कधी काळचा पॅकिंग खात्यातला, खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि उभाच राहिला.

अखिला मॅडम पुढे आल्या. त्यांच्या हातातल्या कागदावर ‘निर्माता’ या शब्दापुढचं नाव त्यांनी आधीच खोडलं होतं. “सर,” त्यांनी हळूच विचारलं, “नाव काय लिहू? आणि इनिशियल?”

सुरेंद्रराव गोंधळले. इनिशियल. इकडे नावाआधी बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावतात, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या. तो नवरा कोण, कुठल्या गावचा, त्याचं नाव काय, या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. त्यांनी विशालाक्षीबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मणीकडे पाहिलं.

चंद्रमतीबाई पदरानं डोळे पुसत पुढे आल्या. दुपारी पोथी बांध म्हणून ओरडलेल्या त्याच. त्यांनी अखिला मॅडमच्या हातातला कागद धरला आणि ज्या रकान्यात लिहायचं त्यावर बोट ठेवलं.

“एन घाला,” त्या म्हणाल्या. “तिच्या बापाचें. अप्पाचें होतें तेंच. एन. वेंकूबाई.”

अखिला मॅडमनी लिहिलं. सुरेंद्ररावांनी खिशातलं पेन काढलं, खाली सही केली, आणि शेडमध्ये जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते नाव एकदा वाचून दाखवलं.